पदवीच्या चौथ्या वर्षाचे संशोधन: आधी विभागातील प्राध्यापकांचा विषय पाहा

‘तीन वर्षांची बी.एस्सी. चार वर्षांची झाली, इथपर्यंत समजले. पण चौथ्या वर्षी मूल महाविद्यालयात बसून संशोधन करणार म्हणजे नेमके करणार काय?’ विज्ञान शाखेच्या प्रवेशाचे दिवस आले की नागपुरातील अनेक घरांत हा प्रश्न निघतो, आणि त्याचे सरळ उत्तर क्वचितच मिळते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ला अनुसरून महाराष्ट्रातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि विद्यापीठांशी संलग्न असलेल्या इतर महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीचा नवा आराखडा सुरू झाला. त्यामुळे ज्यांनी सुरुवातीलाच प्रवेश घेतला ते विद्यार्थी आता चौथ्या वर्षाच्या उंबरठ्यावर येत आहेत आणि संशोधन हा शब्द माहितीपत्रकातून उतरून प्रयोगशाळेच्या टेबलापर्यंत येत आहे.

हा लेख भौतिकशास्त्रापुरता आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की पदवीच्या पातळीवरचे संशोधन चांगले होईल की नावापुरते, हे इमारतीवरून, यंत्रांच्या यादीवरून किंवा विषयाच्या आकर्षक नावावरून ठरत नाही. त्या विभागातील प्राध्यापक आज कोणत्या प्रश्नावर काम करीत आहेत आणि तो प्रश्न त्यांना किती खोलवर माहीत आहे, यावर ते ठरते. हे का, ते पायरीपायरीने पाहू.

## चौथ्या वर्षाचा हिशेब

विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) डिसेंबर २०२२ मध्ये पदवीसाठी जो आराखडा जाहीर केला, त्यानुसार विद्यार्थी तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडू शकतो किंवा चौथे वर्ष करून ऑनर्स पदवी घेऊ शकतो. या चौथ्या वर्षाच्या दोन वाटा आहेत. पहिलीत जास्तीचे विषय शिकायचे असतात. दुसरीला ‘संशोधनासह ऑनर्स’ म्हणतात, आणि पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून अधिक गुण असलेल्या विद्यार्थ्यांना ती खुली आहे. या वाटेवर १२ श्रेयांकांचा संशोधन प्रकल्प करावा लागतो. श्रेयांक म्हणजे क्रेडिट, अभ्यासाला दिलेल्या वेळेचे माप. प्रयोगशाळेतील कामाचा एक श्रेयांक सत्रभरात ३० तासांचा धरला जातो. त्या मापाने १२ श्रेयांक म्हणजे सुमारे ३६० तासांचे काम झाले. आठवड्यातून एखादी दुपार देऊन ते उरकणार नाही.

या वाटेचा पुढचा लाभही मोठा आहे. २०२२ च्या पीएच.डी. नियमांनुसार चार वर्षांची पदवी ७५ टक्के गुणांनी मिळवलेला विद्यार्थी एम.एस्सी. न करता थेट पीएच.डी.च्या प्रवेशप्रक्रियेत उतरू शकतो. म्हणूनच या वर्षाकडे आणखी एक परीक्षा म्हणून पाहणे नुकसानीचे ठरेल. पीएच.डी.ला लागणारी सवय ज्याने या ३६० तासांत अंगी बाणवली नाही, त्याच्या हातात प्रवेशाचा हक्क येईल, पण तयारी येणार नाही.

## प्रॅक्टिकल तर पहिल्या वर्षापासून करतात. मग संशोधन वेगळे कसे?

भौतिकशास्त्राच्या बहुतेक विभागांत असलेले एक साधे उपकरण घेऊ: द्रवातील ध्वनीचा वेग मोजणारा अल्ट्रासॉनिक इंटरफेरोमीटर. धातूच्या छोट्या पात्रात द्रव भरतात. तळाशी असलेला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला २० लाख कंपने करतो आणि द्रवात ध्वनिलहरी सोडतो. वरची धातूची चकती मायक्रोमीटरच्या स्क्रूने हळूहळू वर न्यायची. ती ठरावीक अंतर पुढे गेली की शेजारच्या मीटरचा काटा उसळी घेतो आणि परत येतो. अशा लागोपाठच्या दोन उसळ्यांमधील अंतर म्हणजे अर्धी तरंगलांबी. २५ अंश सेल्सिअसच्या शुद्ध पाण्यात ते साधारण ०.३७ मिलिमीटर भरते. त्यावरून वेग निघतो, सेकंदाला सुमारे १४९७ मीटर.

प्रॅक्टिकलमध्ये ही संख्या विद्यार्थ्याला आधीच ठाऊक असते. वहीत उत्तर १४९७ च्या आसपास आले की काम झाले. नाही आले तर रीडिंग जुळवून आणण्याचा मोह होतो, आणि हा मोह आपल्या प्रयोगशाळांना लागलेली जुनी कीड आहे, हे स्पष्टच म्हटले पाहिजे. संशोधनात मात्र जुळवण्यासाठी उत्तरच नसते. समजा, एखाद्या क्षाराचे पाण्यातील द्रावण घेतले आणि क्षाराचे प्रमाण वाढवत नेले, तर पाण्याच्या रेणूंची मांडणी किती घट्ट होते, हे वेगातील बदलावरून समजून घ्यायचे आहे. हे विशिष्ट द्रावण या विशिष्ट तापमानांना पूर्वी कुणी मोजलेले नसेल, तर पुस्तकाचे शेवटचे पान उलटून उत्तर सापडणार नाही. आपले मोजमाप विश्वासार्ह आहे, हे दुसऱ्या कुणाला पटवून देण्याची जबाबदारी प्रथमच विद्यार्थ्यावर येते.

ही जबाबदारी किती बारीक असते, ते आकड्यांतूनच कळेल. मायक्रोमीटर वाचताना ०.०१ मिलिमीटरची चूक सहज होते. दोन लागोपाठच्या उसळ्यांवरूनच वेग काढला, तर एवढ्याशा चुकीने उत्तर सेकंदाला सुमारे ४० मीटरने हुकते. तीच चूक वीस उसळ्यांच्या अंतरात पसरली, तर उत्तर केवळ २ मीटरने हुकते. आता तापमान पाहा. ४० अंशांना पाण्यातील वेग सुमारे १५२९ मीटर होतो, म्हणजे २५ अंशांच्या मानाने ३२ मीटरने जास्त. नागपुरातील मे महिन्यात सकाळची आणि दुपारची प्रयोगशाळा या दोन वेगळ्या जागा असतात. पात्राभोवती ठरावीक तापमानाचे पाणी खेळवले नाही, तर चिमूटभर क्षाराने झालेला बदल उन्हाच्या बदलाखाली दबून जाईल आणि विद्यार्थी रेणूंबद्दल निष्कर्ष काढत असताना प्रत्यक्षात हवामान मोजत असेल.

वीस उसळ्या मोजायच्या, पाणी खेळवायचे, आधी शुद्ध पाण्यावर उपकरण पारखून घ्यायचे, पात्रात हवेचा बुडबुडा राहिला की काटा कसा वागतो ते ओळखायचे, हे सारे सांगणारा माणूस शेजारी असावा लागतो. ज्याने त्या उपकरणावर वर्षे घालवली आहेत, त्यालाच ते सांगता येते.

## प्राध्यापकांचे ‘स्पेशलायझेशन’ कसे वाचायचे?

महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात प्रत्येक प्राध्यापकाच्या नावापुढे विशेष विषय लिहिलेला असतो: मटेरियल सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स, स्पेक्ट्रोस्कोपी, नॅनोटेक्नॉलॉजी, सैद्धांतिक भौतिकी. पालक हा रकाना वाचतात आणि पुढे सरकतात, कारण त्यातून काही बोध होत नाही. तो होत नाही यात त्यांचा दोष नाही, कारण त्या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी लपलेल्या असतात.

एक म्हणजे त्या व्यक्तीने एम.एस्सी.ला घेतलेला विशेष पेपर. तो वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा असू शकतो आणि त्यावरून ती व्यक्ती वर्गात काय शिकवू शकेल एवढेच कळते. दुसरी म्हणजे पीएच.डी.चा विषय, ज्यात तिने कधीतरी चार-पाच वर्षे झोकून देऊन काम केले. तिसरी म्हणजे आजचे चालू काम: सध्या ती कोणते नमुने बनवते, कोणते गणित मांडते, कुणाबरोबर काम करते, गेल्या दोन-तीन वर्षांत तिचे काय प्रसिद्ध झाले. पदवीच्या विद्यार्थ्याला खरा उपयोग या तिसऱ्या गोष्टीचा असतो. एम.एस्सी.ला इलेक्ट्रॉनिक्स, पीएच.डी. द्रवांच्या ध्वनिकीत आणि सध्या काम प्रकाश देणाऱ्या पदार्थांवर, असा प्रवास अगदी सामान्य आहे. माहितीपत्रकात मात्र ‘इलेक्ट्रॉनिक्स’ एवढाच शब्द उरलेला असतो.

चालू कामाचे नाव जितके नेमके, तितका विद्यार्थ्याचा लाभ अधिक. ‘नॅनोटेक्नॉलॉजी’ या शब्दावरून काही ठरत नाही. ‘झिंक ऑक्साइडच्या पातळ थरांनी अमोनिया वायू ओळखणे’ असे सांगितले की लगेच दिसते, थर कसा देतात, वायू कुठे सोडतात, कोणता विद्युत्-रोध मोजतात आणि अजून काय कळलेले नाही. अज्ञाताची कड ज्याला माहीत असते, त्यालाच विषय माहीत आहे असे म्हणता येते; आणि विद्यार्थ्याला ३६० तासांत पोहोचायचे असते ते त्या कडेपर्यंतच.

## नागपूरचा एक विषय जवळून: प्रकाश देणाऱ्या पावडरी

नागपूर विद्यापीठाचा अमरावती रस्त्यावरील भौतिकशास्त्र विभाग आणि विदर्भातील अनेक महाविद्यालयांचे विभाग ज्या विषयावर दीर्घकाळ काम करीत आले आहेत, तो आहे फॉस्फर, म्हणजे ऊर्जा शोषून प्रकाश बाहेर टाकणारा पदार्थ. विषय सगळ्यांच्या घरातला आहे. पांढरा एलईडी दिवा मुळात निळा असतो. त्यातील अर्धवाहकाची बारीक चिप निळा प्रकाश देते. ही निळी चिप बनवल्याबद्दल २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक तीन शास्त्रज्ञांना मिळाले. चिपवर पिवळसर पावडरीचा थर असतो, बहुधा सिरियम मिसळलेल्या यट्रियम ॲल्युमिनियम गार्नेटचा. ही पावडर निळ्या प्रकाशाचा काही भाग गिळून पिवळा प्रकाश देते, आणि निळा व पिवळा मिळून डोळ्याला पांढरा भासतो. त्या पांढऱ्यात लाल कमी पडतो, म्हणून स्वस्त दिव्याखाली टोमॅटोचा किंवा कुंकवाचा रंग निस्तेज दिसतो. लाल भरून काढणारी चांगली, टिकाऊ, स्वस्त पावडर शोधणे हा खरा आणि अजून न संपलेला प्रश्न आहे.

आता बी.एस्सी.चा विद्यार्थी यात काय करेल? तो एक साधा यजमान पदार्थ, म्हणजे ज्यात दुसरे मूलद्रव्य मिसळायचे तो पदार्थ, घेतो, समजा कॅल्शियमचे एखादे संयुग, आणि त्यात अगदी थोडे युरोपियम मिसळतो, कारण युरोपियम योग्य अवस्थेत लाल प्रकाश देते. प्रश्न असा: युरोपियम किती घालायचे? जास्त घातले की जास्त प्रकाश, असे वाटते, पण एका मर्यादेनंतर प्रकाश उलट घटतो. युरोपियमचे अणू एकमेकांच्या फार जवळ आले की ऊर्जा एकाकडून दुसऱ्याकडे सरकत राहते आणि स्फटिकातील एखाद्या दोषापाशी पोहोचून उष्णतेत वाया जाते. ही मर्यादा प्रत्येक यजमानात वेगळी असते. अर्धा, एक, दोन, तीन, पाच टक्के असे पाच नमुने बनवून कोणता सर्वांत उजळ आहे आणि का, हे पाहणे एका वर्षात बसते, आणि यजमान नवा असेल तर उत्तर खरोखरच कुणाला माहीत नसते.

पावडर बनवण्याची एक रीत ज्वलनाची आहे. धातूंची नायट्रेटे आणि युरिया मोजून अगेटच्या खलात घोटतात, चिनी मातीच्या बशीत काढतात आणि सुमारे ५५० अंशांना तापलेल्या मफल भट्टीत सरकवतात. मिश्रण आधी पाण्यासारखे होते, मग उकळते, फेसाळते, वायू सोडते आणि अचानक पेट घेते. भट्टीच्या तापमानापेक्षा बरीच अधिक उष्णता त्या क्षणी मिश्रणातूनच निघते. काही मिनिटांत बशीत फुगलेली, ठिसूळ, पांढरी पावडर उरते. अंधाऱ्या खोलीत तिच्यावर अतिनील दिवा धरला आणि ती लाल उजळली, की विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर जे उमटते ते गुणपत्रिकेत मावणारे नाही.

पण या रीतीत एक खोच आहे, आणि ती माहीत असणे म्हणजेच विशेषज्ञता. कॅल्शियम नायट्रेट हवेतील ओलावा इतक्या हौसेने शोषते की नागपूरच्या पावसाळ्यात तोलकाट्यावर ठेवलेल्या कणांचे वजन पाहता पाहता वाढते. विद्यार्थ्याने दोन ग्रॅम मोजले, पण त्यात कॅल्शियम नायट्रेट किती आणि पाणी किती? प्रमाण चुकले की हवा तो स्फटिक बनत नाही, किंवा दोन-तीन संयुगांची खिचडी तयार होते. अनुभवी मार्गदर्शक बाटली डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात, ठेवायला सांगतो, उघडण्याची वेळ कमी करायला सांगतो, आणि सर्व पाच नमुन्यांसाठी द्रावण एकदाच बनवून त्यातून भाग काढायला सांगतो, म्हणजे चूक झालीच तर सगळीकडे सारखी होईल. हे पुस्तकात शोधू गेले तर सापडेलही, पण कशासाठी शोधायचे हेच नवख्याला ठाऊक नसते.

माझे एक मत येथे नोंदवतो. या क्षेत्रात यजमान बदलून तोच प्रयोग पुन्हा करणारे काम पुष्कळ होते. ‘हा यजमानच का निवडला?’ या प्रश्नाला ‘तो कुणी केला नव्हता म्हणून’ याखेरीज उत्तर नसेल, तर काम नवे असूनही पोकळ राहते. उष्णता सोसणे, कच्चा माल सहज मिळणे, निळ्या चिपच्या प्रकाशाने उद्दीपित होणे, असे एखादे कारण हवे. विद्यार्थ्याने हे कारण पहिल्याच आठवड्यात मागावे.

## मला खगोलशास्त्र आवडते. मग पावडर का घोटायची?

हा आक्षेप प्रामाणिक आहे. कृष्णविवरांची ओढ असलेल्या मुलीला द्रवातील ध्वनी मोजायला लावणे अन्यायाचे वाटते. तरीही विभागात खगोलभौतिकीवर काम करणारे कुणी नसेल, तर त्या विषयावरचा प्रकल्प बहुधा इंटरनेटवरील माहितीची जुळवाजुळव होऊन बसतो. नागपूर-काटोल भागातील शेतकरी संत्र्याचे झाड बीपासून वाढवत बसत नाही. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतो. खुंटाची मुळे त्या मातीत आधीच रुजलेली असल्याने कलम लवकर फळाला येते, आणि येणारे फळ संत्र्याचेच असते, जंबेरीचे नव्हे. मार्गदर्शकाचे रुजलेले काम आणि विद्यार्थ्याचा स्वतःचा प्रश्न यांचे नाते तसेच असते.

याचा उत्तम दाखला आपल्याच देशातला आहे. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर १९२८ मध्ये मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदवीचे विद्यार्थी होते, वय अवघे अठराच्या आसपास. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ आर्नोल्ड सोमरफेल्ड त्या वर्षी मद्रासला आले असता चंद्रशेखर त्यांना जाऊन भेटले. तुम्ही जे शिकला आहात ते आता जुने झाले, नवी पुंजयामिकी (क्वांटम मेकॅनिक्स) वेगळी आहे, हे सोमरफेल्डांकडून त्यांना कळले, आणि धातूंतील इलेक्ट्रॉनांवरील आपल्या ताज्या, अजून छापायच्या असलेल्या लेखाची मुद्रिते सोमरफेल्डांनी त्यांच्या हाती दिली. ती वाचून आणि पुढचा विचार स्वतः करून चंद्रशेखरांनी लिहिलेला शोधनिबंध १९२९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बुद्धी त्यांची असामान्य होती, यात वादच नाही. पण कोणता प्रश्न आज जिवंत आहे हे सांगणारा जाणकार भेटला नसता, तर तीच बुद्धी कालबाह्य पुंजवादाभोवती फिरत राहिली असती. पुढे ते खगोलभौतिकीत किती दूर गेले, हे १९८३ च्या नोबेलने जगाला सांगितले.

खगोलशास्त्राची वाट पूर्ण बंद आहे, असे मात्र नाही. युरोपच्या गाया उपग्रहाने मोजलेली ताऱ्यांची अंतरे आणि गती, नासाच्या केप्लर दुर्बिणीने टिपलेले ताऱ्यांच्या तेजातील चढउतार, हे सारे जगात कुणालाही विनामूल्य उपलब्ध आहे. पायथॉनमध्ये थोडा हात बसलेला विद्यार्थी त्यावर खरे काम करू शकतो. अट एकच, आकडेवारीतील चुका ओळखू शकणारा मार्गदर्शक हवा; तो आपल्या विभागात नसेल तर पुण्याच्या आयुकासारख्या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेशी संबंध असलेला प्राध्यापक सहमार्गदर्शक म्हणून शोधता येतो.

## आमच्या महाविद्यालयात यंत्रेच नाहीत

मोठ्या यंत्रांची उणीव खरी आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. पावडर कोणत्या संयुगाची आहे हे पाहण्यासाठी क्ष-किरण विवर्तन, म्हणजे एक्सआरडी, करावे लागते: पावडरीवर क्ष-किरण सोडले की ते ठरावीक कोनांतच तीव्रतेने बाहेर येतात, आणि त्या कोनांचा क्रम हा त्या स्फटिकाचा अंगठ्याचा ठसा असतो. ते यंत्र प्रत्येक महाविद्यालयात असणार नाही, असण्याची गरजही नाही. विद्यापीठे आणि राष्ट्रीय संस्था ठरावीक शुल्क घेऊन बाहेरचे नमुने तपासून देतात. विद्यापीठांतील संशोधकांसाठीच स्थापन झालेल्या यूजीसी-डीएई (विद्यापीठ अनुदान आयोग व अणुऊर्जा विभाग) संशोधन संघाचे एक केंद्र इंदूरला आहे, आणि तेथेच राजा रामण्णा केंद्रातील इंडस-२ या सिंक्रोट्रॉनचे, म्हणजे इलेक्ट्रॉनांना प्रचंड वेगाने वर्तुळात फिरवणाऱ्या यंत्राचे, प्रखर क्ष-किरण वापरता येतात. पण अशा ठिकाणी वेळ मिळवण्यासाठी प्रस्ताव लिहावा लागतो, आणि तो लिहू शकतो चालू काम असलेला प्राध्यापकच. पदवीच्या विद्यार्थ्यापर्यंत यंत्र पोहोचते ते असे, माणसाच्या मार्फत.

साध्या साधनांनीही पुष्कळ होते. गांधीसागराजवळच्या रमण विज्ञान केंद्रात गेलेल्या प्रत्येक नागपूरकराला चंद्रशेखर वेंकट रमण यांचे नाव माहीत आहे. १९१० च्या सुमारास ते सरकारी वित्त खात्याचे अधिकारी म्हणून काही काळ नागपुरातही होते. १९२८ चा त्यांचा शोध सूर्यप्रकाश, रंगीत काचा, पाऱ्याचा दिवा आणि हातात मावणारा वर्णपटदर्शक यांच्या बळावर लागला. आज खिशातल्या मोबाइलमध्ये त्वरणमापी, चुंबकीय क्षेत्रमापी आणि ध्वनिग्राहक आहेत. आखेन विद्यापीठाचे फायफॉक्स हे मोफत ॲप त्यांची मोजमापे सरळ आलेखात उतरवून देते. रमण यांच्याकडे मात्र साधनांच्या आधी प्रकाशशास्त्राची अनेक वर्षांची जाण होती, हे विसरून चालणार नाही.

## प्राध्यापकांना वेळ कुठे आहे?

सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन करावे लागते. त्यात परीक्षा, मूल्यांकनाची कागदपत्रे, प्रवेशाची कामे यांची भर पडते. पदे रिक्त असल्याने अनेक विभाग तासिका तत्त्वावरील अध्यापकांवर चालतात. त्यांच्यापैकी कित्येक जण पीएच.डी. झालेले, कामाला उत्सुक आणि विषयात तयार असतात, पण पुढच्या सत्रात आपण येथे असू की नाही हेच ज्याला माहीत नाही, त्याच्याकडून वर्षभराचा प्रकल्प तडीस नेण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. संशोधनासह ऑनर्स पदवी सुरू करायची आणि पदे मात्र भरायची नाहीत, हे दोन्ही एकत्र चालू शकत नाही. हा प्रश्न पालकांनीही विचारला पाहिजे, कारण त्याची किंमत त्यांची मुले मोजतात.

संशोधनामुळे शिकवणे मागे पडते, हा दुसरा आक्षेप. एखाद्या व्यक्तीच्या बाबतीत तो खरा असू शकतो. पण ज्या प्राध्यापकाच्या हाताला स्वतःच्या मोजमापातील चुका लागलेल्या आहेत, तो वर्गात त्रुटींचे गणित शिकवतो तेव्हा ते परीक्षेपुरते उरत नाही.

## पेपर छापून आला की संशोधन झाले का?

नाही. आणि हे ठामपणे सांगण्याची वेळ आली आहे. पैसे घेऊन, कोणत्याही जाणकाराकडून तपासून न घेता, आठवड्याभरात काहीही छापणारी नियतकालिके उदंड झाली आहेत. चांगल्या नियतकालिकांची ‘यूजीसी केअर’ नावाची यादी आयोग ठेवत असे. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती बंद झाली आणि नियतकालिकाची पारख करण्याची जबाबदारी महाविद्यालयांवर व संशोधकांवर आली. चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने निबंध छापण्याच्या घाईने पाच नमुन्यांऐवजी तीनच बनवले, किंवा आलेखावरचा नकोसा बिंदू पुसला, तर त्याचे जे नुकसान होते ते प्रमाणपत्राने भरून निघत नाही. प्रकल्प अयशस्वी ठरला, पावडर उजळली नाही, तरी का उजळली नाही हे एक्सआरडीच्या आलेखावरून दाखवून देणारा प्रबंध मी अधिक मोलाचा मानेन.

संशोधक व्हायचे नसेल तर या वर्षाचा काय उपयोग, असेही विचारले जाते. मोजमापातील शंका आकड्यांत सांगता येणे, न जमलेल्या कामाची कारणे क्रमाने शोधणे, वीस पानांत मुद्देसूद लिहिणे, ही कौशल्ये कारखान्यातील गुणवत्ता तपासणीपासून शाळेतल्या अध्यापनापर्यंत सर्वत्र लागतात. ज्याला एवढ्यासाठी एक जादा वर्ष नको असेल, त्याने तीन वर्षांची पदवी घेऊन दोन वर्षांची एम.एस्सी. करणे हाही सरळ आणि सन्मानाचा मार्ग आहे.

## विभागात जाऊन काय विचारायचे?

पाचव्या सत्रातच, दिवाळीच्या सुटीपूर्वी, विभागात जाऊन दोन-तीन प्राध्यापकांना भेटावे. ‘सर, प्रोजेक्टसाठी टॉपिक द्या’ असे म्हणत जाऊ नये. ‘सर’ किंवा ‘मॅडम, सध्या आपले काम कशावर चालू आहे, आणि त्यात कोणती गोष्ट अजून कळलेली नाही?’ असे विचारावे. जो प्राध्यापक या प्रश्नावर खुर्ची पुढे ओढून फळ्याकडे वळेल किंवा कपाटातून नमुन्यांच्या बाटल्या काढेल, त्याच्याकडे काम करण्याजोगे काहीतरी नक्की आहे. गेल्या दोन-तीन वर्षांतील त्यांचा एखादा निबंध मागून घ्यावा आणि न समजलेल्या ओळींखाली रेघा मारून आठवड्याने परत जावे. त्यांच्या हाताखालील पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांशीही बोलावे. मार्गदर्शक आठवड्यातून किती वेळा भेटतात, नमुने कुठे तपासले जातात, शुल्क कोण भरते, हे तेच नीट सांगतील.

मार्गदर्शक ठरला की सहाव्या सत्राच्या उन्हाळी सुटीत वाचन आणि उपकरणाची ओळख उरकून घ्यावी, म्हणजे सातव्या सत्राच्या पहिल्या दिवशी पहिला नमुना भट्टीत जाऊ शकतो. बाहेरच्या तपासणीचे निकाल यायला कित्येक आठवडे लागतात आणि ते पाहिल्याशिवाय पुढचा नमुना ठरवता येत नाही, त्यामुळे एक्सआरडीची पहिली तुकडी गणपतीच्या सुमारास रवाना झालेली असावी. नायट्रेटच्या बाटल्या मात्र शक्य असल्यास मे महिन्यातच, हवा कोरडी असताना, उघडून द्रावणे बनवून ठेवावीत, आणि प्रत्येक बाटलीवर तारीख व वजन लिहावे.